दानातली ज्वारी

फार जुनी गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक बाजाराचं गाव होतं. तिथे सगुणा नावाची धान्य विकणारी बाई राहायची. तिचा पाखरांवर फार जीव. दुकान उघडलं की पहिली ओंजळ चिमण्या-पारव्यांना, मग गिऱ्हाइकाला.

एकदा गावात एक गोड बोलणारा गृहस्थ आला. दर बाजाराला तो पाखरांनी भरलेले पिंजरे आणायचा आणि सगळ्यांदेखत उघडायचा. "शिकाऱ्यांच्या तावडीतून सोडवलीत ही," तो सांगायचा. "माझ्या ठिकाणी अजून पुष्कळ आहेत, त्यांच्या दाण्याला हातभार लावा." पाखरं भुर्रकन उडायची आणि बघणाऱ्यांचे डोळे भरून यायचे.

सगुणा दर बाजाराला त्याला पोतंभर ज्वारी देऊ लागली.

शेजारच्या म्हाताऱ्या कुंभारणीने विचारलं, "त्याचं ठिकाण पाहून आलीस का गं?"

"पुण्याच्या कामात कसली चौकशी करायची, आजी?"

असं वर्ष गेलं. मग एका बाजाराला तो आलाच नाही. पाखरं उपाशी राहतील म्हणून सगुणाने पोतं गाडीत टाकलं आणि विचारत विचारत नदीपलीकडचा माळ गाठला.

माळावर जाळी अंथरलेली होती. जाळ्यांखाली ज्वारी विखुरली होती आणि शेजारी तिच्याच दुकानाची रिकामी पोती पडली होती. दाणे टिपायला थवा उतरला, तशी दोघा गड्यांनी दोरी ओढली. कुंपणापाशी मेलेल्या पाखरांचा ढीग होता.

"पंख मोडलेली बाजूला टाका," झाडाखालून तोच गोड आवाज आला. "बाजारात उडणारीच लागतात."

सगुणा पुढे झाली. "माझी ज्वारी..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

तो जराही गडबडला नाही. "बाई, पाखरं धरली नाहीत तर सोडायची कुठली? आणि सोडली नाहीत तर तुम्ही देणार कशाला?"

सगुणाने दिसेल तो पिंजरा उघडला. ज्यांना उडता येईना, त्यांना पदरात घेऊन ती गावात परतली. भर चौकात तिने पदरातली पाखरं सगळ्यांपुढे ठेवली. "फसवलं त्याने," ती म्हणाली, "पण दाणे मी पुरवले."

गावाने त्या गृहस्थाला पुन्हा वेशीच्या आत येऊ दिलं नाही.

काही महिन्यांनी एक माणूस आला. निराधार म्हाताऱ्यांना तो जेवू घालायचा, त्यांच्यासाठी धान्य मागत होता. सगुणाने नाही म्हटलं नाही. भाकरी बांधून घेतली आणि म्हणाली, "चला, आधी तुमची पंगत दाखवा."

त्या माणसाचा चेहरा उजळला. "या ना," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत बघायला कुणी आलंच नव्हतं."

तात्पर्य: दान देण्याआधी घेणाऱ्याचं काम स्वतः पाहून यावं. न पाहता दिलेलं दान, ज्याच्यासाठी दिलं त्याच्याच जिवावर उठू शकतं.