सारवलेला खड्डा

फळझाडांनी भरलेल्या एका जंगलात साफसफाईचे काम एका कोल्ह्याकडे असे. माकडांनी टाकलेली केळीची साले आणि उष्टी फळे वाटेवर कुजत पडत. शेवटी सिंहाने हुकूम दिला, "खड्डा खणा, ओला कचरा त्यात टाका आणि खत करा." कोल्ह्याने साळिंदराकडून खड्डा खणून घेतला. मग तो गव्याच्या शेणाने आतून सारवला, भोवती रांगोळी काढली, वर तोरण बांधले आणि उद्घाटनाचे लांबलचक भाषण ठोकले.

दुसऱ्या दिवशी माकडे साले घेऊन आली, तसा कोल्हा खेकसला, "खबरदार, कालच सारवलाय. डाग पडतील. तिकडे तळ्यात टाका." मुलांनो, खड्डा कचऱ्यासाठीच असतो हे तुम्हालाही कळते, कोल्ह्याला कळत नव्हते. रोज हेच चालले. तळ्याला फेस आला, मासे उलटे तरंगू लागले. तळ्याकाठच्या वाळूत एका कासवीची अंडी होती. ती कोल्ह्याकडे गेली. "कोल्होबा, माझी पिल्लं अंड्यातून निघाली की थेट पाण्यात शिरतील. या पाण्यात ती जगायची नाहीत. कचरा खड्ड्यात टाका हो."

"टाकू, टाकू. एकदा महाराजांची पाहणी होऊन जाऊ दे," कोल्हा म्हणाला. ती पुन्हा गेली, तेव्हा तो रांगोळीत रंग भरत होता. "कासवताई, जरा लांबून. पुसेल."

पाहणीला सिंह आला. खड्ड्यात वाळके पानसुद्धा नव्हते. "स्वच्छ आहे," सिंह म्हणाला, "पण खत कुठंय?"

"महाराज, खत केलं असतं तर खड्डा घाण झाला असता," कोल्हा अभिमानाने म्हणाला.

सिंह पाणी प्यायला तळ्यावर गेला, कोल्हाही मागोमाग आला. सिंहाने पाण्याला जीभ लावली आणि तो थुंकला. काठावर कासवी बसली होती. "तुम्ही दुसऱ्या तळ्यावर जाल, महाराज. माझी पिल्लं कुठं जातील?"

सिंह कोल्ह्याकडे वळला. "उतर पाण्यात. एकेक साल तोंडाने उचल आणि त्या खड्ड्यात नेऊन टाक."

कोल्ह्याने साले काढली. पण पाणी पुरते निवळण्याआधीच पिल्ले निघाली. निम्मीच वाचली. पुढे खड्ड्यात काळेभोर खत तयार झाले, तेव्हा कोल्हा त्याच्याभोवतीही रांगोळी काढत बसला. कासवी आली आणि पाय ओढत त्या रांगोळीवरून सरळ चालत गेली.

तात्पर्य : काम बाजूला ठेवून जो नुसता त्याचा देखावा मांडतो, त्याच्या चुकीची शिक्षा आधी दुसऱ्यांच्या पिल्लांना भोगावी लागते.