तिसऱ्या आळीतली शेवटची जागा

त्या राज्यात मधोमध एकोणतीस नगारे होते. त्यांच्याभोवती एकोणतीस माणसांनी राहायचं, असं ठरलेलं होतं. नगारे अखंड वाजत आणि प्रत्येकाला आत ओढत. राहायला गोल आळ्या होत्या, एकीबाहेर एक. दोन आळ्यांच्या मधे उभं राहिलेलं माणूस आजवर कुणी पाहिलं नव्हतं. एका घरात दोघांनाच मुभा होती, आणि तीही एक उजवी गिरकी घेणारा आणि दुसरा डावी घेणारा असेल तरच. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

गिरजा उजव्या गिरकीची. ती राज्यात आली तेव्हा पहिल्या आळीत दोघं होते, दुसरीत आठ आणि तिसरीतही आठ. तिसरीत मात्र पाच घरं चक्क रिकामी दिसत होती. ती बोचकं काखोटीला मारून तिकडे निघाली, तर आळीचे कारभारी केरूनाना आडवे आले.

"ती घरं अजून उघडली नाहीत, बाई. तू चौथ्या आळीत जा."

"तिथे तर चिटपाखरू नाही, नाना."

"मग बरंच की! ऐसपैस राहा."

चौथ्या आळीत एकच घर होतं. नगाऱ्यांचा आवाज वाटेतल्या अठरा जणांना ओलांडून यायचा, तोवर त्यात फारसा जीव उरत नसे. गिरजा आत तोंड करून उंबऱ्यावर बसे आणि कान देऊन ऐके. पुढे डाव्या गिरकीची साळू त्याच घरात राहायला आली आणि दोघींचं छान जमलं. निदान उंबऱ्यावर सोबत झाली.

मग एकविसावा माणूस आला, आणि नानांनी तिसऱ्या आळीतल्या बंद घराचं कुलूप त्याच्यासाठी काढलं. गिरजाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तरातरा गेली.

"नाना, मी याच्या आधी आले होते!"

"इथे रांग नसते, गिरजे," नाना शांतपणे म्हणाले. त्यांना राग कधीच येत नसे, आणि त्याचाच तिला जास्त राग येई.

एकेक करत घरं भरली. एकोणतिसावा आत गेला तेव्हा तिसऱ्या आळीत एकच जागा उरली. गिरजानं त्याच दिवशी बोचकं बांधून दाराशी ठेवलं. आता चुकणार कसं? इतकी वर्षं तिच्याएवढं कुणी थांबलंच नव्हतं.

नाना आले ते तिच्याकडे न बघताच बोलले. "शेवटच्या घरात आहे तो उजव्या गिरकीचा. सोबतीला डावी हवी. साळू, चल."

साळू गिरजाकडे वळली. "गिरजे, मी नाही म्हणू का?"

म्हण, असं गिरजाच्या अगदी ओठांवर आलं होतं. "जा गं वेडे," ती म्हणाली. "जवळून ऐकशील तेव्हा माझी आठवण काढ."

साळू गेली. तिसरी आळी अठरा जणांनी भरली आणि दार आतून लागलं. गिरजा पुष्कळ रडली. मग बंद दाराकडे बघत बसण्याचा तिला कंटाळा आला, आणि पहिल्यांदाच ती उंबऱ्यावर बाहेर तोंड करून बसली.

कुंपणापलीकडे दुसरं राज्य होतं, हुबेहूब असंच. तिथल्याही शेवटच्या उंबऱ्यावर एक बाई बसली होती. शेजारी बांधलेलं बोचकं.

"तुमचीही मैत्रीण आत गेली?" गिरजानं विचारलं.

"गेली. तुमची?"

त्या बाईच्या पलीकडे आणखी एक राज्य होतं, आणि त्याच्या उंबऱ्यावर आणखी एक बाई. नजर पोचेल तिथवर हेच. बायका एकमेकींकडे जाऊ-येऊ लागल्या. ज्या उंबऱ्यावर जागा दिसे तिथे बसत. कुंपण कुठे होतं आणि कोण कुठल्या राज्याची, हे थोड्याच दिवसांत कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

एकदा अचानक गिरजाच्या पाठीत धक्का बसला.

"अहो, ढकलता काय?"

"मी कुठे? मला मागून आला!"

गिरजा जेमतेम अर्धं पाऊल पुढे सरकली. तेवढ्यानं तिच्या पुढचीला धक्का लागला, तिच्यामुळे तिच्या पुढचीला, आणि तो धक्का कुणी डोळे मिटून उघडायच्या आत बायकांच्या रांगेच्या टोकाला गेलासुद्धा. तिसऱ्या आळीत नानांनी माणसं मोजली. अठराच्या अठरा जागेवर होते. आज काही विशेष घडलं नाही, असं ते म्हणाले.

दिवेलागणीची वेळ होती. या साऱ्या राज्यांच्या बाहेर, माणसांच्या एका घरात एका बाईनं नुकतंच भिंतीवरचं बटण दाबलं होतं. खोलीभर उजेड पडला आणि तिनं सुईत दोरा ओवायला घेतला. बटणापासून दिव्यापर्यंत गेलेली तांब्याची तार, जिच्या आत ही सारी राज्यं होती, जागची तसूभरही हलली नव्हती.