पन्नाशीचा हत्ती

नदीवर पूल झाला आणि हैबती भोयाची होडी काठाला लागली ती कायमची. पन्नाशीचा हैबती मग संस्थानच्या हत्तीखान्यात गेला आणि माहुताचं काम शिकवा म्हणाला.

दारोगा मुरारराव मिशीत हसले. "गोवऱ्या मसणात गेल्या आणि आता नवं काम शिकतोस? पन्नाशीत काही अंगवळणी पडत नाही. घरी जा."

हैबती पाय ओढत निघाला, तोच दसऱ्याच्या स्वारीचा हत्ती पाहायला राणीसाहेब आल्या. "हा तर जन्मभर जंगलात ओंडके ओढत होता. याला अंबारी जमेल?"

दारोगांची छाती फुगली. "मी स्वतः पारखून आणलाय, सरकार. तरणा हत्ती नगाऱ्यानं बिथरतो. हा पन्नाशीचा, शांत. बघता बघता सगळं शिकला."

हैबती मागे फिरला आणि त्यानं मुजरा केला. "सरकार, दारोगासाहेब मला आत्ताच म्हणाले, पन्नाशीत नवं काम अंगवळणी पडत नाही. ते खरं असेल तर या हत्तीला जंगलात परत धाडा. खरं नसेल तर मलाही शिकू द्या."

राणीसाहेबांनी दारोगांकडे पाहिलं. दारोगांनी अंकुश हैबतीच्या हातात दिला.

दसऱ्याला नगारे दणाणले. हत्ती डुलत चालला, मानेवर हैबती निवांत. सबंध स्वारीत बिथरलं ते एकच, दारोगांचं तरणं घोडं.