केवडीचे बावन्न खडक

किती वर्षांपूर्वीची गोष्ट ते सांगता यायचं नाही, कारण तेव्हा वर्षं मोजायची कुणाला घाई नव्हती. एका खाडीच्या काठी एक लहानसं गाव होतं. खाडीचं पाणी वरून दिसायला मोठं शहाणं, पण त्याच्या पोटात बावन्न खडक दडलेले होते.

वल्हं मारणारा माणूस पुढे पाठ करून बसतो, हे तुम्ही पाहिलं असेल. त्याला मागचं सगळं दिसतं, पुढचं काहीच दिसत नाही. म्हणून त्या गावात होडीच्या पुढच्या टोकावर एक जण बसायचा आणि खडक यायच्या आधीच ओरडून सांगायचा, "तवा आला, डावीकडे घ्या!" "रुसलेली सून, उजवीकडे!" प्रत्येक खडकाला असं नाव होतं. जो बावन्न नावं आणि बावन्न जागा बिनचूक सांगेल, त्यालाच त्या टोकावर बसायला मिळायचं.

मुलाला आठवं वर्ष लागलं की पावसाळ्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला गावचा तांडेल, म्हणजे सगळ्या होड्यांचा म्होरक्या, त्याची परीक्षा घ्यायचा. नापास झालेल्याला पुढच्या वर्षी पुन्हा येता यायचं. पण गाव इतकं हसायचं, की परत येण्याची हिंमत कुणी करत नसे. ती मुलं काठावरच मोठी व्हायची, काठावरच म्हातारी व्हायची.

आणि गावाची एक खोड होती बघा. वर्षभर खडकांची कुणाला आठवण नसायची. परीक्षेला आठ दिवस उरले की मात्र घराघरांत एकच गोंधळ! सकाळी खडक, दुपारी खडक, घास तोंडात असताना खडक. पोरं बिचारी पहिल्यापासून बावन्नाव्यापर्यंत एका सुरात घोकत बसायची. काही पार व्हायची, काही मध्येच अडकायची.

धर्मा असाच लहानपणी अकराव्या खडकाशी अडकला होता. तेव्हापासून त्याने होडीत पाय ठेवला नाही. लोकांची फाटलेली जाळी तो काठावर बसून शिवायचा. हात त्याचा सुरेख होता, पण होड्या निघाल्या की तो मान खाली घालायचा.

त्याला एकच मुलगी, केवडी. सात वर्षांची. एकदा ती म्हणाली, "बा, मला होडीत बसायचंय. अगदी पुढे."

धर्मा धास्तावला. आपल्यासारखंच हिचं झालं तर? हिलाही गाव हसलं तर? शिकवावं म्हटलं तर स्वतःला अकराच्या पुढे काही येत नाही. दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही.

रोज दुपारी तो उंडीच्या झाडाखाली जाळं शिवायला बसे आणि केवडी घरून त्याची पेज घेऊन येई. तिसऱ्या दिवशी पेजेचं भांडं हातात घेत तो म्हणाला, "बाय, उद्यापासून पेजेबरोबर एक खडक पण घेऊन ये."

केवडी खुदकन हसली. "खडक कसा आणू? आणि कुठून?"

"तांडेलकाका घाटावर बसलेले असतात. येताना त्यांना एक विचारायचा, फक्त एक. आणि इथे येऊन मला शिकवायचा. मला येत नाहीत ना!"

बापाला आपण शिकवायचं, हे केवडीला फारच आवडलं. दुसऱ्या दिवशी ती पळतच आली. "बा, पहिला तवा. गोल आहे, पाण्याखाली हातभर. डावीकडून जायचं."

"असं होय! आणि दर्याकडून घरी येताना?"

हे तर केवडीने विचारलंच नव्हतं. पेज ठेवून ती पुन्हा घाटावर पळाली.

धर्मा हा असा विद्यार्थी होता. त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं, म्हणून तो खरेच प्रश्न विचारायचा. तव्याच्या शेजारी कोण राहतं? सून रुसली कुणावर? ओहोटीला तिचं डोकं दिसतं का? केवडीला पुन्हा पुन्हा घाटावर जावं लागे. तांडेल कुरकुरायचा, "तुझ्या बापाला काय करायच्यात एवढ्या चौकशा!" पण सांगायचा.

पाचव्या दिवशी केवडी खेकडे पकडण्यात रमली. उशिरा आली, पेज गार झालेली, खडक आणलेला नाही. आता ओरडा बसणार म्हणून ती लांबच उभी राहिली.

"ये, बस," धर्मा म्हणाला. "भूक लागलीय मला."

"आज नाही विचारला मी," केवडीचे डोळे भरून आले.

"मग कालचा सांग. कालचा अजून आहे ना डोक्यात? झालं तर मग."

तिने कालचा सांगितला, परवाचाही सांगितला. धर्मा पेज पीत ऐकत राहिला. त्या दिवसापासून दुपारी शिवायचं जाळं काठ्यांवर टांगलं गेलं की केवडी हजर, असं ठरून गेलं. पहिले काही दिवस तिला आठवण करावी लागली. मग तिचे पाय आपोआप उंडीकडे वळू लागले. कधी नवा खडक असे, कधी नुसते जुनेच. पावसात ती दोघं घराच्या पडवीत बसत. चुकली तर धर्मा "चूक" असं म्हणत नसे. तो विचारायचा, "मग आपटली का होडी?" केवडी जीभ चावायची आणि आपली आपणच सुधारायची.

शेजारीण आपल्या मुलाला, भिवाला घेऊन जाताना हसायची. "अहो, रोज एक खडक! मुंगी तरी बरी. आमचा भिवा बघा आठ दिवसांत कसा फडाफडा म्हणतो ते."

परीक्षेला आठ दिवस उरले. घराघरांत घोकंपट्टी सुरू झाली आणि तो गोंगाट ऐकून धर्माचा धीर सुटला. सारं गाव ओरडतंय आणि आपली पोरगी दोरीच्या उड्या मारतेय! त्याने केवडीला धरून बसवलं. "म्हण बघू सगळे, एका दमात! थांबायचं नाही!"

केवडी घाबरली. नेमकी अकराव्याशी अडकली. धर्माला आपलं आठवं वर्ष आठवलं आणि त्याने तिला जवळ ओढलं.

"चुकलो बाय. बाच घाबरला होता. तू उद्या रोजच्यासारखी पेज घेऊन ये."

आणि उरलेले दिवस ती रोजच्यासारखीच आली.

पौर्णिमा उजाडली. दर वर्षी होडी घाटावरून दर्याकडे जायची. पण त्या सकाळी ओहोटीची ओढ फार होती. तांडेल म्हणाला, "पोरांना काठाकाठाने खाडीच्या तोंडापर्यंत चालवत न्या. भरती लागली की तिथून घाटाकडे येऊ. आज परीक्षा उलट्या वाटेने."

भिवा आधी बसला. पहिलाच खडक समोर आला आणि तो "तवा!" म्हणून ओरडला. तवा तर शेवटी, घाटापाशी होता. "काका, मला पहिल्यापासून म्हणू द्या ना!" तो रडवेला झाला. पण पाणी कुठे थांबतं? खर्रकन होडीचा तळ घासला. तांडेलने वल्हं रोवून होडी बाहेर काढली आणि भिवाला उतरवलं. काठावर कुणीतरी हसलं. धर्मा मात्र पुढे झाला, भिवाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "उद्या दुपारी उंडीखाली ये हां. पेज दोघांना पुरेल."

मग केवडी बसली. धर्माने क्षणभर डोळे मिटून घेतले, मग गावाबरोबर तोही काठाकाठाने घाटाकडे चालू लागला. भरतीच्या पाण्यावर तिचा बारीक आवाज काठापर्यंत येत होता. "बोडका, उजवीकडे! जुळे भाऊ, मधून चला!" ती घोकत नव्हती. ओळखीच्या घरांवरून जाताना हाका माराव्यात तशी ती हाका मारत होती. होडी घाटाला लागली तेव्हा बावन्नातला एकही खडक राहिला नव्हता.

तांडेलने वल्हं खाली ठेवलं. "पोरी, तू माझ्याकडून रोज एकच नेलास. मग हे इतकं पक्कं केलंस तरी कुठे?"

"मी कुठे केलं? मी तर बाला शिकवत होते," केवडी म्हणाली. "बाला पण सगळे येतात. विचारा ना!"

तांडेलने धर्माकडे पाहिलं. "दर्याकडून येताना रुसलेल्या सुनेच्या आधी कोण रे धर्मा?"

"म्हातारीचा दात," धर्मा पटकन बोलून गेला, आणि आपण बोललो म्हणून स्वतःच गोंधळला.

तांडेलने पुढचा विचारला, त्याच्या पुढचा विचारला. धर्मा सांगत गेला. अकरावा कधी येऊन गेला हे त्याला कळलंही नाही.

तांडेल होडीत थोडा बाजूला सरकला. "ये, बस पुढे. पुढच्या खेपेला तू सांग, मी वल्हवतो."

धर्मा घाटाच्या पायरीवरच थबकला. केवडीने पुढच्या टोकावरून उडी मारली, बापाचा हात धरला आणि त्याला होडीत नेऊन आपल्या जागेवर बसवलं.

मोठ्यांनो आणि लहानांनो, या गोष्टीतून इतकंच घ्या: रोज थोडं, ठरल्या वेळी, आणि जवळ बसून मायेने ऐकणारं कुणी असलं, की मुलाला अभ्यासाची सवय लागते आणि ऐकणाराही शिकून जातो.