आवडीचं मोकळं घर

"हे कुणीतरी मुद्दाम फाडलंय! आणि ज्यानं फाडलं त्याला लाज नाही."

शनिवारची सकाळ, दोन दिवसांच्या भरतकाम शिबिराचा पहिलाच तास. पुण्याहून आलेल्या रेवतीने एक रुमाल खिडकीच्या उजेडात धरला होता. ती एवढ्या मोठ्याने बोलली की बाकीच्या अकरा जणींच्या सुया थांबल्या. पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच धाग्याची नक्षी होती, चौकोनी जाळीची घरं एका ओळीत, प्रत्येक घर रेखीव. शेवटचं मात्र उसवलेलं, धागे लोंबत असलेलं. तिने दुसरा रुमाल उचलला, तिथेही तेच. भिंतीवर काचेत लावलेली जुनी चादर पाहिली, तिच्यातही तेच.

शिकवणाऱ्या इंदूकाकी कुबल चष्मा पुसत होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, जन्म याच कोळंबखडीत गेलेला.

"लाज कोणाक नव्हती ता सांगतंय," त्या म्हणाल्या. "आधी बस गो चेडवा."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

हे भरतकाम मूळचं इथलं नव्हे. कोळंबखडीच्या खाडीवर तेव्हा वलंदेजांची, म्हणजे डचांची वखार होती म्हणे. वखारीतल्या सुताराची बायको हिस्के ही त्यांच्या मुलखातल्या फ्रिसलंड नावाच्या प्रांतातली. गावाने तिची हिस्काबाय केली. आवडी नावाची गाबतीण वखारीत मासे द्यायला जायची, आणि एका पावसाळ्यात मासळी बंद होती तेव्हा हिस्काबायच्या शेजारी बसून तिने हे काम उचललं. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे, मधले कापून ओढून काढायचे. उरलेल्या धाग्यांच्या बारीक काड्या होतात. प्रत्येक काडी नव्या धाग्याने घट्ट गुंडाळायची. गुंडाळली की घर शंभर वर्षं टिकतं. नाही गुंडाळली तर पहिल्या ताणाला ते उसवतं, आणि त्याच्यामागून शेजारचंही जातं. आवडीच्या हातून एखादी काडी राहिली की हिस्काबाय तिच्या बोटांवर पट्टी मारायची.

मग दुल्बा आला. तो कुठला, कुणाला ठाऊक नाही. वादळात शीड फाटलेलं एक गलबत आणि त्यावर चाळीस माणसं. त्यांनी पहिल्याच दिवशी किनाऱ्यावरच्या होड्या जाळल्या. तिघे पुरुष वल्ही घेऊन पुढे झाले. त्यांतला एक आवडीचा नवरा होता. दुल्बाने तिघांना मासे सुकवायच्या मांडवाला बांधलं आणि गावासमोर कोयत्याने तोडलं. आवडीला मांडवाखालून हलू दिलं नाही. वरून पडणारं रक्त तिच्या केसांत वाळलं, असं सांगतात.

वखारीने दरवाजे लावून घेतले. हिस्काबाय तेवढी नवऱ्याचा हात झिडकारून बाहेर आली.

दुल्बाने दोन गोष्टी मागितल्या. आठ दिवसांत नवं शीड, आणि जाताना गावातल्या बारा मुली. गावकार आणि चार जाणते घरात बसले, दार लावून बोलले, आणि बाहेर येऊन म्हणाले की बारा गेल्या तरी गाव राहील. त्या बारांत आवडीची मोगी होती. वय वर्षं अकरा.

"तुझी एकटीची नाय ती," गावकार आवडीला म्हणाला. "सगळ्यांच्याच जातत."

"तुमची जाता?" आवडीने विचारलं.

त्याची नव्हती जात. मुलींना मिठाच्या कोठारात कोंडलं गेलं आणि दारावर दुल्बाचे दोघे बसले.

शिडं शिवणं हे पुरुषांचं काम. पण पुरुष घराबाहेर पडेनात, म्हणून दुल्बाने बायकांना जुंपलं, हिस्काबायलाही. लुटीतल्या जाड पांढऱ्या कापडाचे तागे वाळूवर पसरले गेले. कुणाचा हात मंदावला की पाठीत दोराचा फटका बसायचा. एका गरोदर बाईला फटका पोटावर बसला. ती तिसऱ्या दिवशी मेली, आणि तिच्या जागी तिच्या सासूला बसवलं.

आवडीने तेव्हाच ठरवलं. शीड पारखणारा माणूस शिवण ओढून पाहतो, शिवणीशेजारचं कापड कुणी ओढत नाही. तिने बायकांना खालच्या आवाजात सांगितलं, शिवण दणकट घाला. शिवणीच्या बाजूला मात्र वरपासून खालपर्यंत धागे काढा, घरं पाडा, वरून पांढऱ्या धाग्याची नक्षी भरा म्हणजे भोक दिसणार नाही. आणि काड्या गुंडाळू नका. एकही नाही. नवं शीड पारखायला गलबत खाडीबाहेर एक फेरी मारणारच. तिथे पाण्यात मोठं खडप, म्हणजे कातळ आहे, त्याच्या तोंडाशी वारा एकदम बदलतो. ऐन वळणावर शीड फाटलं तर गलबत सरळ दगडावर. मुली तेव्हा कोठारातच असतील.

आठव्या दिवशी दुल्बाने शिवणी ओढून पाहिल्या. खूश झाला. नक्षीवरून हात फिरवत त्याने विचारलं, "हे काय?"

"शकुनाचा हा," आवडी म्हणाली.

"मग शकुनवालीपण चल बरोबर," तो हसला. "फाटलं तर आधी तू."

आवडी गलबतावर चढली. तिच्या ओच्यात हिस्काबायची धागे कापायची कातरी होती. कोठाराच्या फटीतून मोगी हाका मारत होती. आवडीने मान वळवली नाही. वळवली असती तर पाय पुढे पडला नसता.

गलबत खाडीबाहेर निघालं. वारा भरला. शीड टम्म फुगलं आणि तसंच राहिलं. एक धागा तुटला नाही. खडप जवळ आलं तरी काही होईना. आवडीने वर पाहिलं, आणि उन्हात तिला ते दिसलं. वरच्या रांगेतल्या सगळ्या काड्या गुंडाळलेल्या होत्या आणि शिडाचा सगळा ताण त्यांनीच धरला होता. एकसारख्या, घट्ट, सुरेख. गावात असा हात एकाच बाईचा होता.

हिस्काबायने दगा दिला नव्हता. ती वरची रांग करत होती, रडत होती, मोगीचा विचार करत होती, आणि तिचा हात लहानपणापासून जे करत आला तेच करत गेला. अर्धवट काडी सोडणं त्या हाताला येतच नव्हतं.

थोड्याच वेळात खडप मागे पडलं असतं. आवडी ओरडली, "वर टाको सुटलोहा! आत्ताच बांधूक होयो!"

"चढ," दुल्बा म्हणाला.

ती डोलकाठीवर चढली. वरून तिने पहिली काडी कापली, दुसरी, तिसरी. पांढरे धागे खाली दुल्बाच्या खांद्यावर पडले. त्याने ते चिमटीत धरून पाहिले आणि त्याला कळलं. पहिला बाण तिच्या मांडीत घुसून लाकडात रुतला. ती तिथेच खिळली, पण हात मोकळे होते. चौथी. दुसरा बाण बरगडीत. पाचवी कापताना तिच्या तोंडातून रक्त आलं आणि शिडावरून ओघळलं. सहावी कापायची गरज पडली नाही. वाऱ्याने ते घर फाडलं, मग शेजारचं, मग वरपासून खालपर्यंत शीड असं फाटलं की आवाज गावात ऐकू आला. गलबत आडवं होऊन खडपावर आदळलं आणि दुभंगलं.

जे बुडाले ते बुडाले. नऊ जण पोहत वाळूला लागले. तिथे बायका उभ्या होत्या. त्यांच्या हातात मासे कापायचे कोयते होते. कुणाला विचारलं नाही, कुणाला सोडलं नाही. मेलेल्या गरोदर बाईची सासू सर्वांत पुढे होती म्हणे. कोठारावरच्या दोघांना त्यांनी दारातच गाठलं, आणि बारा मुली रक्तात पाय बुडवत बाहेर आल्या.

आवडी तिसऱ्या भरतीला मिळाली, शिडाच्या तुकड्यात गुंडाळलेली. हिस्काबायने तिला त्यातच मूठमाती दिली. नंतर वखार उठली, नवरा आपल्या मुलखाला गेला, ही गेली नाही. मोगीला तिने वाढवलं आणि गावातल्या मुलींना भरतकाम शिकवलं. प्रत्येक कापडात शेवटच्या घराच्या काड्या गुंडाळायच्या नाहीत, हा नेम तिने घातला. जिच्या हातून चुकून गुंडाळल्या जातील तिने त्या स्वतः कापायच्या.

आजही कोळंबखडीत असं मोकळं घर नसलेलं कापड कुणी विकत नाही, लग्नात देत नाही. आणि आजही त्या खडपाजवळून होडी नेताना इंजिन हळू करतात, हात जोडतात.

हातातला रुमाल रेवतीने हलकेच घडी करून ठेवला. मग खिडकीतून खडपाकडे बघत विचारलं, "आपण उद्या होडीतून जाऊ शकतो तिथे? मलाही हात जोडायचेत."

इंदूकाकींची सून सुहासिनी चहाचे कप मांडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुमी कित्याक जोडतास? थंय हात फक्त पुरुषांनी जोडूचे. तेवा दार लावून बसलेले ते."