काळ्या कोळशाची हाक

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका रंगाऱ्याने सांडपाण्याच्या वाटेत कोळशाचा हौद बांधला होता. लुगडी धुतलेल्या पाण्यातला रंग कोळसा पोटात घेई आणि नदीतल्या मासोळीकडे नितळ पाणी सोडी.

हळूहळू कोळशाचं पोट गच्च भरलं. “मालक, आता थेंबभर रंगही मावत नाही. मला बदला हो!” तो कळवळून म्हणाला.

रंगाऱ्याने हौदात डोकावून पाहिलं. “पहिल्यासारखा काळाच तर आहेस, तुला काय धाड भरलीय?” असं म्हणून त्याने झाकण लावलं.

लालभडक पाणी कोळशाला ओलांडून तसंच नदीकडे निघालं. “पळ पोरी, पळ!” कोळसा झाकणाखालून ओरडला.

“पळू कशाला? वर तुम्ही आहात ना, दादा,” मासोळी म्हणाली.

त्यानंतर कोळशाने पुष्कळ हाका मारल्या. खालून कुणी ओ दिली नाही.