सागवानी कपाटाचा हट्ट

चूक त्या म्हाताऱ्या सागवानी कपाटाचीच. खूप वर्षांपूर्वी कुंदाने एक मोडकं स्टूल पॉलिशपेपरने घासलं, त्यावर जुन्या कॅलेंडरातली फुलं कापून चिकटवली आणि वरून व्हार्निश मारलं. पाहुणे स्टुलाचंच कौतुक करू लागले, तसं कपाट जळायला लागलं.

"या फळकुटाला फुलं, आणि मला काहीच नाही?"

"आजोबा, आधी घासून घ्यावं लागतं. दुखतं फार," स्टूल म्हणालं.

"तू शिकवणार मला, कारट्या? माझ्या पॉलिशला हात लावायचा नाही!"

मोठ्यांना फुलं हवी असतात, सोसायचं मात्र धाकट्यांनी.

कपाटाच्या हट्टापुढे कुंदाने गुपचूप, न घासताच, पॉलिशवर फुलांचा कागद चिकटवला. तो आठवड्यात फुगला आणि सुटताना जुनं पॉलिशही पोपडे काढून घेऊन गेला.

कपाटाची बैठकीतली जागा गेली. आता त्यात फिनेलच्या बाटल्या ठेवतात.